लग्नापुरती नोकरी

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात एम.कॉम.च्या मुलांना जोखीम आणि परतावा शिकवते. फळ्यावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ आणि त्यांच्यामधून वर चढत जाणारी एक तिरकी रेघ काढायची आणि सांगायचं, की धोका जितका जास्त तितका परतावा जास्त मिळाला पाहिजे, नाहीतर तो धोका कुणी कशाला अंगावर घेईल? एकोणीस वर्षं मी ही रेघ काढतेय. मुलं ती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत उलटी काढतात आणि तरी पास होतात. मला मात्र त्या रेघेचा अभिमान होता. कुठल्याही वस्तूची किंमत कशी ठरते ते आपल्याला कळतं, असं मला खरोखर वाटायचं. आणि अभिमान असला की माणूस गप्प बसत नाही. मी ती रेघ माझ्या भावाला लावली.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. माहेर कवठे महांकाळ तालुक्यातलं. चार एकर द्राक्षबाग आणि थोडं कोरडवाहू रान. बाग वडलांनी लावली, पण तिला नाव मिळवून दिलं भावानं. कर्ज नाही, दारात ट्रॅक्टर, वर स्लॅब घातलेला. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे दीड-दोन महिने तो घरात असून नसल्यासारखा. आभाळ भरून आलं की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरचा नियमच होता. आईसुद्धा चहाचा कप बांधावर ठेवून मुकाट्यानं मागं फिरायची.

तर असा हा मुलगा तेहतीस वर्षांचा झाला आणि त्याचं लग्न जमेना.

आमच्या भागात आता हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक वाडीत असे पंधरा-वीस जण बसून आहेत. मुलीच्या बापाला नोकरीवाला जावई हवा असतो. मौज अशी की त्याला गावाकडं शेतीही लागते, फक्त ती जावयानं करायची नसते. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" असं म्हणणाऱ्या लोकांच्याच नातवंडांनी तो क्रम पार उलटा करून टाकला. अकरा ठिकाणी आम्ही पोहे खाल्ले. पोहे सगळीकडं चांगले असायचे. बशी खाली ठेवली की मुलीचा बाप विचारायचा, "मग, नोकरी कुठं?" भाऊ म्हणायचा, "बाग हाय." मग "फोन करतो" म्हणून निरोप मिळायचा आणि फोन काही यायचा नाही. आईनं हळूहळू दुसऱ्यांच्या हळदीला जाणं सोडून दिलं. तिला त्रास व्हायचा आणि मला राग यायचा. कुणाचा ते मला नेमकं सांगता आलं नसतं, पण यायचा.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तो साताऱ्याला आला. जेवताना मी त्याला माझा पेपर शिकवला. म्हटलं, हे बघ, तुझ्या बागेचं दहा वर्षांचं उत्पन्न काढलं तर सरासरी कुठल्याही कारकुनाच्या वर जाईल. पण सरासरीवर किंमत ठरत नाही. एका वर्षी तू गाडी घेतोस, दुसऱ्या वर्षी डबड्यात काही नसतं. हा चढउतार लोकांना नको असतो, म्हणून ते तुझी किंमत पाडतात. आणि त्यातही एक पोटभेद आहे. नुसत्या चढउताराला लोक इतके घाबरत नाहीत. सगळ्यांची चूल थंड असते त्याच दिवशी तुझीही थंड असते, त्याला ते घाबरतात. पगार दुष्काळातही एक तारखेला येतो. अडचणीच्या दिवशी हातात येणारा रुपया जड असतो, म्हणून पगाराला भाव.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचार केला. "म्हंजी मी लय हालतोय, म्हणून माझा दर पडलाय?"

"तसंच."

"मग जो अजिबात हालत न्हाई त्याला सगळ्यात जास्ती दर. म्हंजी मेल्याला."

माझे यजमान मोठ्यानं हसले. मीही हसले, पण विषय सोडला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही आमच्या धंद्याची खोडच असते. त्यात मी स्वतः कोरडा पाषाणही नव्हते, माझं लग्न मी एका सरकारी कारकुनाचा पगार बघून केलं होतं आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नव्हता. मी म्हटलं, "तू नोकरी धर."

"आन बाग?"

"लग्न होईपर्यंत धर. मग सोड. कोण तुला बांधून ठेवतंय?"

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आमच्याकडं याला नाव आहे, लग्नापुरती नोकरी. भावाचा एक मित्र सांगलीत एका शोरूममध्ये वर्षभर दारात उभा राहिला. लग्न झालं आणि दीड महिन्यात परत मळ्यात आला. दुसरा एक जण पुण्याला गाडी चालवत होता, त्याचंही तसंच. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. मुलाच्या बाजूचे लोक तर नाहीच नाही.

यजमानांच्या ओळखीनं साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. अकरा महिन्यांचा करार, गळ्यात ओळखपत्र, निळा शर्ट. मी त्याचा बायोडाटा नव्यानं केला. ट्रॅक्टरवर बसलेला हसरा फोटो काढून टाकला आणि फोटोवाल्याकडं नेऊन टाय लावलेला फोटो काढला. त्यात तो कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखा दिसत होता. "व्यवसाय : द्राक्षबागायतदार" ही ओळ सगळ्यात वर होती, ती मी उचलून तळाला नेली आणि तिच्या जागी "नोकरी : स्टोअर विभाग, एमआयडीसी, सातारा" असं लिहिलं. बाकी माणूस तोच, रान तेच, आईबाप तेच. दोन महिन्यांत पाच ठिकाणांहून विचारणा आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझी रेघ खरी ठरली होती. वर्गात मी त्या आठवड्यात फार खुशीत शिकवलं.

पाचातलं एक स्थळ उंब्रजचं होतं. वडील उसाचे शेतकरी, थोरला मुलगा फौजेत, धाकटी ही मुलगी. वडील स्पष्ट बोलणारे होते. पोहे व्हायच्या आधीच त्यांनी मला सांगितलं, "म्याडम, मला शेतकऱ्याचं वावडं न्हाई. मी सोता त्योच हाय. पर आमचा ऊस पडतो त्याच साली दुसऱ्याचं बी पीक पडतंय. एकाच साली दोनी घरं रडत बसायची व्हय? एक तरी घर कोरडं पायजे, लेकीला धावून जायाला."

मी थक्क झाले. ही गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला तीन तास लागतात, आणि एवढं करून त्यांना कळत नाही. या गृहस्थांनी पानाला चुना लावता लावता ती सांगून टाकली. त्यांच्याबद्दल मला आदर वाटला. मग त्यांनी विचारलं, "नोकरी कायम हाय न्हवं?" आणि त्या आदराच्या भरातच मी म्हणाले, "कायमच समजा."

भावानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मग मुलाला आणि मुलीला बोलायला दहा मिनिटं दिली. घरात पाहुणे भरलेले, म्हणून गच्चीवर पाठवलं, आणि दोघंच नकोत म्हणून मला बरोबर. खालून हायवेच्या गाड्यांचा आवाज येत होता. मुलगी शेतकी पदविका शिकलेली, सावळी, नजर सरळ. भाऊ घाबरलेला. तो काहीतरी भलतंच बोलून बसेल, बागेचं काढेल, या भीतीनं मीच सुरू झाले. सातारा कसा चांगला, पाणी कसं रोज येतं, मुलांच्या शाळा, दवाखाने, कारखान्याची बस दारात येते. दोनदा मुलीनं तोंड उघडल्यासारखं केलं. मी दोन्ही वेळा तिचं उत्तर आधीच देऊन मोकळी झाले. खाली आल्यावर आईला सांगितलं, मुलगी शांत आहे, आपल्या घरात खपेल.

लग्न सांगलीत झालं, दोन्ही गावांना सोयीचं म्हणून. आई त्या दिवशी इतकी खूश होती, की वरातीत नाचली. तिला नाचताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

नवराबायकोंनी साताऱ्यात एमआयडीसीजवळ दोन खोल्या घेतल्या. ऑक्टोबर आला. भाऊ एका संध्याकाळी आमच्याकडं आला आणि दारातच म्हणाला, "ताई, छाटणीचं दिस आलं. सांगू का आता तिला?"

मी म्हटलं, "थांब की रं. चार महिने झाले नाहीत लग्नाला. तिच्या वडलांना काय तोंड दाखवशील? मला काय तोंड दाखवता येईल?"

तो थांबला. करार संपला, पुन्हा अकरा महिन्यांचा झाला. तो पुन्हा थांबला. बाग सत्तरीचे वडील बघत होते आणि भाऊ स्टोअरमधून फोनवर सांगत होता, अमुक मारा, इतकं पाणी सोडा. पण बाग फोनवर होत नाही. त्या हंगामात फुलोऱ्यात पाऊस झाला. औषध मारायला माणूस मिळाला नाही, आणि मिळाला तोवर दावण्या रोग सगळ्या बागेत फिरला होता. घड जागेवर कुजले. कारखान्याच्या शेडच्या दारात उभा राहून हा आभाळाकडं बघत असायचा, असं यजमानांच्या ओळखीच्या तिथल्या एका गृहस्थांनी आम्हाला सांगितलं. ते हसत सांगत होते. पुढच्या वर्षी तसंच झालं, थोडं कमी.

माझी भावजय या काळात काही बोलायची नाही. रविवारी दोघं आमच्याकडं जेवायला यायचे. ती मला वन्सं म्हणायची, भांडी घासायला पुढं यायची, विचारलं तेवढं बोलायची. गावाकडचं विचारलं की "बरं हाय" म्हणायची. तिला शहर मानवलंय, असं मी धरून चालले. भावालाही मी हेच सांगितलं. "ती इथं रमली आहे. तिला परत चिखलात नेणार का?" हे वाक्य मी वापरलं. चिखल हा शब्द मी माझ्या वडलांच्या मळ्याला वापरला.

मग वडलांनी एक दिवस फोन केला. "माझ्यानं आता हुईत न्हाई. बाग काढतो." भावानं मला विचारलं. मी कागद घेतला, त्याच्याशिवाय बागेचं काय होईल ते मांडलं, आणि म्हटलं, काढलेली बरी. कागदावर ते बरोबर होतं. आजही मांडलं तर तेच उत्तर येईल.

उन्हाळ्यात एका शनिवारी भाऊ, भावजय आणि मी, आम्ही तिघं गाडीनं गावी गेलो. भाऊ गाडी चालवत होता. आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी निम्म्या बागेतून गेला होता. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा एका माणसानं इसार देऊन घेतल्या होत्या. त्याची माणसं तारा गुंडाळत होती. पंधरा वर्षांची खोडं मुळासकट उताणी पडलेली. वडील घरातून बाहेर आले नाहीत. आई नुसती सगळ्यांना पाणी देत फिरत होती, ज्यांनी घेतलं होतं त्यांनाही पुन्हा.

भाऊ बराच वेळ दिसेना. भावजय आणि मी त्याला शोधत उरलेल्या बागेत शिरलो. जेसीबीपासून सात-आठ ओळी सोडून तो एका वेलीपाशी उकिडवा बसला होता. खोडावर खाली नको तिथं कोवळी फूट आली होती. वांझफूट म्हणतात तिला, वेलीची ताकद ती खाते, म्हणून खुडून टाकायची असते. तो ती खुडत होता. एक वेल झाली की पुढच्या वेलीकडं सरकत होता. तासाभरात तिथं काही उरणार नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं. हात आपले चालत होते.

भावजय थांबली. तिनं त्याला हाक मारली नाही. माझा हात धरून मला चार पावलं मागं आणलं आणि हळू आवाजात विचारलं, "वन्सं, ह्यांना हितंच ऱ्हायाचं हुतं?"

मी म्हटलं, "हो."

"मग नोकरी?"

मी सांगून टाकलं. लग्नापुरती होती, तुझ्या वडलांशी मी खोटं बोलले, त्याचा काही दोष नाही. मला वाटलं ती रडेल, नाहीतर भडकेल. दोन्हीची माझी तयारी होती.

ती म्हणाली, "त्ये म्हायत हुतं की."

"काय माहीत होतं?"

"नोकरी कच्ची हाय त्ये. उंब्रजातनं कितीक जण त्या कारखान्यात जात्यात, एकाला इचारलं की कळतंय. बाबांनी लग्नाआधीच इचारलं हुतं. त्यास्नी चार माणसांत सांगायला नोकरी लागत हुती, तेवढीच. घरात म्हणालं, वरीसभरात पोरगं मळ्यात जाईल, बाग चांगली हाय, तुजं शिक्षान बी कामाला यील." ती बागेकडं बघत होती. "मी वाटच बघत हुते. आज म्हणत्याल, उद्या म्हणत्याल. ह्ये म्हणनात. मग म्हटलं, ह्यांचंच मन लागलं आसंल तकडं. आपुन कशाला हट्ट धरा."

बाजाराला सगळं आधीच ठाऊक असतं, तुम्हाला जे गुपित वाटतं ते किमतीत कधीच मिसळून गेलेलं असतं, हेही मीच शिकवते. दुसऱ्या सत्रात, पहिल्या प्रकरणात. माझं खोटं पहिल्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांनी ते समजून घेऊन माफही केलं होतं. ते खरं असल्यासारखं वागत राहिले फक्त तीन जण, मी, माझा भाऊ, आणि त्याच्याकडं बघून ही. आणखी एक गोष्ट मी दरवर्षी शिकवते. हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण धरून चालतो की बाजारातल्या सगळ्यांना धोक्याची भीती सारखीच वाटते, सगळ्यांऐवजी एकाच माणसाचा विचार केला तरी चालतं. दरवर्षी एखादा मुलगा विचारतो, म्याडम, असा माणूस असतो का? मी सांगते, नसतो, पण उत्तर जवळपास बरोबर येतं. गच्चीवर मी हिलाही तोच माणूस धरलं होतं.

मी धावत बांधावर गेले. जेसीबीवाल्याला हात करून थांबवलं. "आबा" म्हणून वडलांना हाक मारली, थांबवा म्हटलं, अजून दीड एकर उभी आहे. तारा घेणारा माणूस पुढं आला. "बाई, इसार दिलाय. अँगल आज नेतो म्हणून टेम्पो आणलाय." वडील उंबऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता कशापायी?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. मागून भाऊ चालत आला. त्याच्या हातांना हिरवा रंग लागला होता. भावजयीनं त्याला काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. तो माझ्याजवळून पुढं गेला आणि जेसीबीवाल्याला म्हणाला, "चालू कर."

मी त्याचा दंड धरला. "अरे, ती यायला तयार आहे. नवीन लावता येईल."

"लावली तर पीक यायला तीन वरसं." तो चिडला नव्हता. दर सांगावा तसं सांगत होता. "तवर खायाचं काय? आन आबांचं वय बघ. न्हाई ताई, त्ये झालं आता."

मशीन चालू झालं. आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो. मला रडू आलं आणि मी रडले, कुणाला दिसू नये याचीही काळजी केली नाही. भावजय रडली नाही. मोडलेल्या वेलीची एक काडी उचलून तिनं नखानं साल खरवडून बघितली, आतून हिरवी होती, आणि परत टाकून दिली.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. मी पुढं भावाच्या शेजारी, भावजय मागं एकटी. सांगली मागं पडली. माझ्या तोंडून शेवटी निघालं, की माझं चुकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आयुष्यभर हेच केलं मी.

भाऊ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुजं काय चुकलं न्हाई ताई. पगार येतोय न्हवं म्हैन्याच्या म्हैन्याला. आमी दोघंच एकमेकांशी बोललो न्हाई."

मागून भावजयीचा आवाज आला, अगदी नेहमीच्यासारखा हळू. "बोलू कुणी दिलं?"

भावानं आरशातून एकदा मागं बघितलं आणि गाडी तशीच चालवत राहिला. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही कारखाना चालू होता आणि सकाळी सातला त्याची पाळी होती.